एका उदरशूलाचे दफ्तर

मोडलेले हाड डोळ्यांस दिसते, ताप हातास लागतो, जखमेतून रक्त वाहते. पोटात महिनोन्महिने होणाऱ्या वेदनेला मात्र साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे रोगी स्वतः. त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न एरव्ही वैद्याचा. परंतु रोगी जर राजबंदी असेल, तर तोच प्रश्न राज्यकारभाराचा होऊन बसतो. सेंट हेलेना बेटावर १८१७ ते १८२१ या काळात नेपोलियन बोनापार्टच्या पोटदुखीचे जे झाले, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. टिपणे, शेरे आणि मसुदे यांत ज्यांचे दिवस जातात अशा आम्हां दफ्तरी मंडळींस तर त्यात ओळखीचे पुष्कळ आढळते.

अटलांटिक महासागरातील हे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीचे. हिंदुस्थानातून विलायतेस परतणारी तिची जहाजे तेथे विसावा घेत. १८१५ च्या ऑक्टोबरात नेपोलियनला तेथे आणण्यात आले आणि पुढल्या एप्रिलात सर हडसन लो गव्हर्नर म्हणून दाखल झाले. १८१७ पासून बंदिवानाच्या उजव्या कुशीत, बरगड्यांखाली दुखू लागले. मळमळ, ओकाऱ्या, पायांस सूज अशा तक्रारी मागोमाग आल्या.

त्या काळी वैद्यापाशी साधने ती किती! नाडी, जीभ आणि पोटावर ठेवलेला हात. बोटांनी ठोकून आतील अवयवांचा अंदाज घेण्याची रीत ऑस्ट्रियाच्या औएनब्रुगरने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिचा फ्रेंच अनुवाद १८०८ मध्ये केला तो नेपोलियनच्याच राजवैद्याने, कोर्व्हिसारने. जठरात नळी घालून आत डोकावण्याचा कुस्माउलचा प्रयोग १८६८ चा, आणि राँटगेनचे क्षकिरण १८९५ चे. तेव्हा उजव्या कुशीत दुखते म्हटल्यावर वैद्यांनी यकृताकडे बोट दाखवावे, हे स्वाभाविकच होते.

आयरिश डॉक्टर बॅरी ओमीरा यांनी यकृतदाहाचे निदान केले आणि तेथेच वैद्यक संपून राजकारण सुरू झाले. यकृताचा विकार हा उष्ण प्रदेशाचा विकार, अशी हिंदुस्थानात राहून आलेल्या इंग्रजांची पक्की समजूत होती. यकृत बिघडले असे म्हणणे म्हणजे बेटाची हवा वाईट म्हणणे, आणि हवा वाईट तर बंदिवानाला तेथे ठेवणारे सरकार दोषी! १८१८ च्या जूनमध्ये इकडे दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला व पुढे ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. त्याच्या पुढल्याच महिन्यात तिकडे ओमीरा यांना नेपोलियनपासून दूर करण्यात आले.

१८१९ च्या जानेवारीत एका रात्री नेपोलियनची प्रकृती एकाएकी बिघडली, तेव्हा 'काँकरर' या युद्धनौकेवरील डॉक्टर जॉन स्टोको यांस बोलावणे गेले. त्यांनीही यकृतदाहच सांगितला. त्याच वर्षी त्यांच्यावर लष्करी न्यायासनापुढे खटला भरण्यात आला आणि त्यांस आरमारातून काढून टाकण्यात आले. आरोपपत्रातील एक कलम तर असे होते की, अहवालात त्यांनी बंदिवानाचा उल्लेख 'जनरल बोनापार्ट' असा ठरीव शब्दांत न करता 'रोगी' असा केला. वैद्याने रोग्यास रोगी म्हणावे, हा अपराध! दफ्तराच्या भाषेची सत्ता केवढी असते याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

त्यानंतर १८१९ च्या सप्टेंबरात कॉर्सिकाचे अँटोमार्की आले. शवविच्छेदनशास्त्रात त्यांचा हात बसलेला. जिवंत रोग्यांचा अनुभव मात्र बेताचा. १८२१ च्या एप्रिलात इंग्रज पलटणीचे डॉक्टर आर्नोट यांनाही पाचारण झाले. हा बहुतांशी मनाचा रोगभ्रम आहे, असा अभिप्राय त्यांनी त्या महिन्यात गव्हर्नरांस कळविला. ३ मे रोजी अँटोमार्कींचा विरोध डावलून कॅलोमेल या पाऱ्याच्या रेचकाची १० ग्रेनची जबर मात्रा देण्यात आली. ५ मेच्या संध्याकाळी नेपोलियन मरण पावला. दुखणे खरे होते, हे सिद्ध करण्यास त्यास मरावे लागले.

या साऱ्या घोळात खऱ्याच्या जवळ पोहोचला होता तो रोगी. त्याचे वडील कार्लो १७८५ मध्ये माँपेल्ये येथे जठराच्या विकाराने वारले होते. आपल्यामागे शरीराची तपासणी करावी, जठर नीट पाहावे आणि आपल्या मुलास त्या रोगापासून वाचविता येईल ते पाहावे, असे त्याने सांगितल्याचे अँटोमार्कींनी लिहून ठेवले आहे. ६ मे रोजी इंग्रज डॉक्टरांच्या देखत शवविच्छेदन झाले. जठराचा आतील भाग बहुतेक सारा कर्करोगाने व्यापलेला निघाला. आतड्याकडील तोंडाजवळ करंगळी जाईल एवढे छिद्र पडले होते, आणि यकृत तेथे चिकटल्यामुळे ते बुजले होते. यकृताकडे बोट दाखविणारे वैद्य चुकले खरे, पण शेजारच्याच घरी चुकले.

एवढ्यावरही दफ्तराचे समाधान झाले नाही. यकृत नेहमीपेक्षा मोठे होते, असे वाक्य डॉक्टर शॉर्ट यांनी अहवालात घातले होते; ते गव्हर्नरांच्या आज्ञेने गाळण्यात आले. अँटोमार्कींनी त्या अहवालावर सही केली नाही. वडिलांचाच रोग मुलास झाला, हा निष्कर्ष सरकारास सोयीचा होता. त्यात हवेचा दोष नाही आणि गव्हर्नरांचाही नाही.

पुढे १९६१ मध्ये स्वीडनचे दंतवैद्य फोर्शुफवुड यांनी सोमलाच्या विषप्रयोगाचा तर्क मांडला आणि जगभर खळबळ उडवून दिली. परंतु २००७ मध्ये अभ्यासकांनी जुने अहवाल पुन्हा तपासून पुढल्या अवस्थेतील जठराच्या कर्करोगावरच बोट ठेवले. आणि २००८ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञांनी दाखविले की त्याच्या बालपणीच्या केसांतही सोमलाचे प्रमाण तसेच मोठे होते.

म्हणजे सरकारी अहवालातील रोगाचे नाव शेवटी खरे ठरले. मग ओमीरा आणि स्टोको यांच्या वाट्यास काय राहते? आम्हांस वाटते, पुष्कळ राहते. रोगाचे नाव चुकणे हा त्या काळच्या ज्ञानाचा तोकडेपणा होता. त्या दोघांचे नाव चुकले, पण हा मनुष्य खरोखर आजारी आहे, हे त्यांचे म्हणणे तसूभरही चुकले नव्हते. आणि त्यांना शिक्षा झाली ती या खऱ्या भागासाठी. जठर असो की यकृत, नेपोलियनला वाचविण्याची विद्या त्या काळी पृथ्वीवर कोठेच नव्हती; जठराचा कर्करोग कापून काढण्यात बिलरोथ यांस प्रथम यश आले ते १८८१ मध्ये. पण दुखते आहे असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्यास कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नव्हती. निदान हाती येईपर्यंत वैद्याने रोग्यास एवढे तरी द्यावयाचे असते, आणि सेंट हेलेनावर ज्यांनी ते दिले त्यांच्या नोकऱ्या गेल्या.