उष्णतेचं बटण आणि लिपमनचा थेंब

विजेचं बटण बंद केलं की वीज थांबते. उष्णता तशी थांबत नाही. आमच्या विषयातली सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी एवढ्यातच आहे. तांबं आणि काच यांच्या विद्युतवाहकतेत एकावर अठराहून जास्त शून्यं एवढा फरक असतो. उष्णतेच्या बाबतीत मात्र हिरा आणि हवा अशी दोन टोकं घेतली तरी फरक एक लाखाच्या आतच राहतो. म्हणजे उष्णतेचं बटण 'बंद' असलं तरी थोडं गळतंच. म्हणून थर्मल स्विचवरचा पेपर हातात आला की आम्ही आधी एकच आकडा शोधतो: चालू असताना जेवढी उष्णता जाते, ती बंद असतानाच्या कितीपट?

हे बटण लागतं कुठे? चंद्रावरची रात्र आपल्या सुमारे 14 दिवसांची. दिवसा यंत्राची उष्णता बाहेर टाकायची आणि रात्री तीच आत धरून ठेवायची, ही दोन्ही कामं एकाच भिंतीकडून करून घ्यायची असतात. चांद्रयान-3चा विक्रम लँडर सप्टेंबर 2023 मध्ये झोपवला, तो पुन्हा जागा झाला नाही. (त्याची रचना मुळातच एका चांद्रदिवसापुरती होती, त्यामुळे त्याला अपयश म्हणू नये.) मंगळावरच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरच्या बॅटऱ्यांना मेणावर चालणारे स्विच होते. मेण वितळलं की फुगतं, आणि त्या जोरावर धातूचे दोन भाग एकमेकांना टेकतात.

पण धातूला धातू टेकवणं दिसतं तेवढं सोपं नाही. गुळगुळीत वाटणारे दोन पृष्ठभाग फक्त त्यांच्या बारीक उंचवट्यांवर टेकतात, मधे हवाच उरते. दाब दिला तर संपर्क सुधारतो, पण चिपवर एवढा दाब द्यायचा कशाने? द्रव मात्र खाचाखोचा आपोआप भरतो. पाणी हवेच्या वीसेक पट उष्णता वाहून नेतं, पारा तीनशेच्या आसपास. मग प्रश्न उरतो तो थेंब हलवायचा कसा. एवढ्या लहान आकारात गुरुत्वाकर्षणाला कोणी विचारत नाही, तिथे राज्य पृष्ठताणाचं.

इथे गोष्ट दीडशे वर्षं मागे जाते. तरुण गाब्रिएल लिपमन फ्रान्सहून जर्मनीत हायडेलबर्गला गेला होता. तिथे विल्हेल्म क्यूने या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्याला एक खेळ दाखवला. विरल सल्फ्युरिक आम्लाखाली पाऱ्याचा थेंब ठेवायचा आणि त्याला लोखंडी तार लावायची. थेंब आक्रसतो, तार काढली की परत पसरतो. बघणाऱ्यांना ती करमणूक वाटली असेल, लिपमनला त्यात वीज आणि पृष्ठताण यांचं नातं दिसलं. 1875 मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला आणि त्याच तत्त्वावर चालणारी छोटी मोटरही बनवली. त्याच्या केशनलिकेच्या विद्युतमापकावर ऑगस्टस वॉलरने 1887 मध्ये लंडनला माणसाच्या हृदयाच्या विजेचा पहिला आलेख घेतला. लिपमनला नोबेल मिळालं ते मात्र 1908 मध्ये, रंगीत छायाचित्रणासाठी!

मग हा थेंब शंभरेक वर्षं अडला का? कारण पाण्यासारखा वीजवाहक द्रव थेट इलेक्ट्रोडवर ठेवला आणि व्होल्टेज एक-दीड व्होल्टच्या वर नेलं की पाण्याचं विघटन सुरू होतं, बुडबुडे येतात. 1993 मध्ये ग्रनोबलच्या ब्रुनो बर्जने धातू आणि पाणी यांच्यामध्ये पातळ विद्युतरोधक थर घातला. झालं एवढंच. पण त्यामुळे दहापट, शंभरपट व्होल्टेज देता आलं आणि थेंब हवा तसा पसरू, सरकू लागला. आमच्याकडे नव्या पदार्थांचं फार कौतुक होतं. मला विचाराल तर या क्षेत्रातली सगळ्यात मोठी उडी म्हणजे हा साधा थर.

उष्णतेसाठी द्रवाचा वापर पुढच्या दशकात दिसू लागला. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सूक्ष्म उष्णता-इंजिनासाठी सिलिकॉनवर 30 मायक्रॉनच्या पाऱ्याच्या थेंबांची 40 गुणिले 40 अशी रांगोळी मांडली गेली. वरची पट्टी खाली आली की थेंब टेकतात आणि उष्णता वाहू लागते. म्हणजे इथे थेंब जागेवरच, हलते ती पट्टी. 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने उपग्रहांसाठी, सगळे इलेक्ट्रोड एकाच पृष्ठावर ठेवून, विजेवर चालणारा थेंबाचा स्विच मांडला. बर्जचा थर इथे उष्णतेच्या कामाला लागला.

अडचणी आहेतच. पाणी उडून जातं. रोधक थरात विद्युतभार अडकला की थेंब हट्टी होतो. पारा विषारी, म्हणून आता बरेच जण गॅलिन्स्टनकडे वळलेत. ते गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण, खोलीच्या तापमानाला द्रवच. पण हवेत त्याच्यावर ऑक्साइडची साय धरते आणि ते काचेला चिकटून बसतं. ती साय घालवायला पुन्हा आम्लच लागतं, किंवा मग ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पेटीत काम करावं लागतं, जाड हातमोजे घालून, तासन्‌तास.