तोफेच्या नावातलं साल

मी कवितेचा माणूस. युद्धशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण नावांचं मला लहानपणापासून वेड आहे. गावांची नावं, झाडांची नावं, पावसाच्या नक्षत्रांची नावं. माणूस वस्तूला नाव देतो तेव्हा त्या वस्तूबद्दल थोडं आणि स्वतःबद्दल बरंच सांगून जातो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज जर्मन तोफांच्या नावांविषयी बोलावंसं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन तोफेचं नाव असं: '१०.५ सेंटीमीटर लाइश्टे फेल्डहाउबित्से १८'. ऐकायला बोजड आहे, पण ते वाचायची रीत सोपी आहे. पहिला आकडा नळीच्या तोंडाच्या व्यासाचा. 'लाइश्टे' म्हणजे हलकी. 'फेल्ड' म्हणजे मैदान. 'हाउबित्से' ही तोफेची जात. आणि शेवटचा १८ हा सालाचा आकडा, म्हणजे १९१८. रेशनकार्डावर कुटुंबाची माहिती असावी तशी तोफेची सगळी माहिती नावातच. ब्रिटिश आपल्या अनेक तोफा गोळ्याच्या वजनावरून ओळखत. त्यांची 'पंचवीस पौंडी' तोफ प्रसिद्ध आहे. जर्मनांनी मात्र नळीचा व्यास धरला, तोही सेंटीमीटरमध्ये. हा आकडा कधी सोयीचा असे. '१५ सेंटीमीटर' म्हटलेल्या तोफेची नळी प्रत्यक्षात १४.९ भरत असे. नळीची लांबी सांगायची तर 'एल' अक्षरापुढे आकडा येई. एल ५६ म्हणजे नळी आपल्या व्यासाच्या छप्पन्न पट लांब.

तोफांच्या जाती मुख्यतः तीन. 'कानोने' म्हणजे लांब नळीची, गोळा सरळ आणि दूर फेकणारी. या शब्दाच्या मुळाशी वेत किंवा बोरू या अर्थाचा जुना ग्रीक-लॅटिन शब्द आहे. 'हाउबित्से' म्हणजे आखूड नळीची, गोळा उंच उडवून आडोशापलीकडे टाकणारी. हा शब्द चेक भाषेतल्या 'होउफ्नित्से'वरून आला. पंधराव्या शतकातल्या हुसाइट युद्धांत ती तोफ वापरली गेली, आणि 'होउफ' म्हणजे जमाव. जमावावर डागायची ती. आपण म्हणतो ते हॉवित्झरही तिथूनच आलं. तिसरी जात 'म्योर्झर'. या शब्दाचा मूळ अर्थ खल. आपणही तिला उखळी तोफच म्हणतो. जर्मन माणसाला आणि मराठी माणसाला एकाच वस्तूत स्वयंपाकघरातलं तेच भांडं दिसलं, याची मला गंमत वाटते.

इतकी शिस्तबद्ध पद्धत असल्यावर नाव खरंच बोलणार, असं आपल्याला वाटतं. तिथेच फसायला होतं.

पहिलं उदाहरण निरुपद्रवी आहे. जर्मन सैन्याची ७.७ सेंटीमीटरची मैदानी तोफ १८९६ सालची. दुसऱ्याच वर्षी फ्रेंचांनी आपली ७५ मिलीमीटरची तोफ आणली. तिच्यात धक्का शोषणारी यंत्रणा होती, त्यामुळे दर गोळ्यानंतर तोफ मागे सरकत नसे आणि भराभर मारा करता येई. जर्मन तोफ एका वर्षात म्हातारी झाली. मग १९०४च्या सुमारास तिलाही तशी यंत्रणा बसवली. पण नावात साल ९६च राहिलं. पुढे फक्त 'नव्या तऱ्हेची' अशी दोन अक्षरं जोडली.

दुसरं उदाहरण इतकं निरुपद्रवी नाही. पहिल्या महायुद्धाआधी एसेनच्या क्रुप कारखान्यानं ४२ सेंटीमीटरची एक प्रचंड तोफ गुप्तपणे तयार केली. काम होतं जमिनीवरचे काँक्रीटचे किल्ले फोडण्याचं. कागदोपत्री नाव ठेवलं 'आखूड नौदल तोफ'. तिचा समुद्राशी काही संबंध नव्हता. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या किल्ल्यांपुढे ती उभी राहिली तेव्हा जगाला तिचा पत्ता लागला. १५ ऑगस्टला तिचा एक गोळा लाँसँ किल्ल्याच्या दारूकोठारात शिरला आणि साडेतीनशेच्या आसपास सैनिक ठार झाले. त्यांतले बरेच जण आजही त्याच ढिगाऱ्याखाली आहेत, तो किल्लाच त्यांची कबर आहे. या तोफेला लोकांनी दुसरं नाव दिलं, 'जाडी बर्था'. क्रुप कारखान्याची वारस बर्था क्रुप हिच्यावरून. सरकारी नाव कागदात राहिलं आणि टोपणनाव इतिहासात गेलं.

आता त्या १८च्या आकड्याकडे येऊ.

युद्ध हरल्यावर २८ जून १९१९ रोजी जर्मनीनं व्हर्सायच्या तहावर सही केली. सैन्य एक लाखाचं ठरलं. हवाई दल नाही, रणगाडे नाहीत. मैदानी तोफा मोजून दिल्या. ७.७ सेंटीमीटरच्या २०४ आणि १०.५च्या ८४ हॉवित्झर. तोफा फक्त दोस्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या कारखान्यांतच बनवायच्या. पण १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या तोफांचं काम सुरू झालं. मग नावाचं काय करायचं? खरं साल घातलं तर तह मोडल्याची कबुलीच. म्हणून नव्या तोफांना १८ हा आकडा दिला. कुणी विचारलंच तर या १९१८च्या, जुन्या युद्धातल्या. सुरुवातीला मी ज्या तोफेचं नाव सांगितलं ती राइनमेटाल कंपनीनं १९३०च्या आसपास तयार केली आणि १९३५ पासून सैन्यात आली. तिच्या जन्मदाखल्यावर मात्र साल १९१८चं.

याच काळात क्रुपचे अभियंते स्वीडनमध्ये काम करत होते. ज्या कारखान्यात ते बसले त्याचं नाव आपल्या घराघरांत माहीत आहे: बोफोर्स. महायुद्धानंतर क्रुपनं त्या कंपनीत भागीदारी घेतली होती. तिथल्या कामातून विमानविरोधी तोफेचा जो आराखडा पुढे आला त्यातून ८.८ सेंटीमीटरची प्रसिद्ध तोफ घडली. नाव अर्थातच 'फ्लाक १८'. पुढे १९८६ साली भारतानं बोफोर्सकडून ज्या ४१० तोफा घेतल्या त्यांच्या नावातही हीच रीत दिसते. 'एफएच ७७', म्हणजे मैदानी हॉवित्झर आणि साल. आणि त्या सालात मात्र काही लपवलेलं नव्हतं.

मार्च १९३५ मध्ये हिटलरनं व्हर्सायची लष्करी बंधनं उघडपणे झुगारली. आता लपवायचं कारण उरलं नाही. विमानविरोधी तोफेच्या पुढच्या आवृत्त्यांना ३६ आणि ३७ असे आकडे मिळाले. पण २१ सेंटीमीटरची नवी म्योर्झर १९३९ मध्ये सैन्यात आली तेव्हाही तिचं नाव १८च होतं. १७ सेंटीमीटरची कानोने तर १९४१ मध्ये आली, तिचाही आकडा १८. अर्धा युरोप तोवर पायाखाली गेला होता. या आकड्यानं आता कुणाला फसवायचं होतं? मला वाटतं, कुणालाच नाही. खोटं अंगवळणी पडलं की त्याचं कारण संपलं तरी ते चालू राहतं. कारकून कोरा कागद घेतो आणि जुन्या चालीनं तोच आकडा लिहितो.

नावातला दुसरा आडपडदा शब्दांचा. 'नेबेलवेर्फर' या शब्दाचा अर्थ धुकं फेकणारा. धुराचा पडदा टाकणारं यंत्र, असं कुणालाही वाटावं. त्यातून धूर सोडता येत असे, पण १९४१च्या नमुन्याच्या सहा नळ्यांमधून मुख्यतः स्फोटकं भरलेले अग्निबाण सुटत. ब्रिटिश सैनिकांनी त्याचं नाव 'विव्हळणारी मिनी' ठेवलं, कारण बाण येताना विव्हळल्यासारखा आवाज होई. आपले मराठा पलटणीचे जवान १९४४-४५ मध्ये इटलीत जर्मन फौजेशी लढत होते. सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी जखमींना खांद्यावरून आणणारे आणि मग शत्रूच्या मशिनगनवर एकटे चाल करून जाणारे नामदेव जाधव त्यांच्यातलेच. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा जवानाला समोरच्या हत्याराचं कागदावरचं नाव ठाऊक असण्याची गरज नसते. त्याला आवाज पुरतो.

जिंकलेल्या देशांच्या तोफांनाही जर्मनांनी नवी नावं दिली. त्यात एक क्रमांक आणि शेवटी कंसात मूळ देशाचं एक अक्षर. फ्रेंचांना एफ, रशियनांना आर. फ्रेंचांची १५५ मिलीमीटरची तोफ अशी '१५.५ सेंटीमीटर कानोने ४१८, कंसात एफ' झाली. नॉर्मंडीच्या पॉइंट द्यू ऑक या कड्यासाठी अशा सहा तोफा आणल्या होत्या. ६ जून १९४४ रोजी अमेरिकन सैनिक दोर लावून तो कडा चढले. वर तोफा नव्हत्या, आतल्या बाजूला हलवलेल्या होत्या. तिथे सापडल्यावर त्यांनी त्या निकामी केल्या. फ्रान्समध्ये घडलेली तोफ, फ्रान्सच्या सुटकेसाठी येणाऱ्यांवर रोखलेली. तिची सगळी कहाणी कंसातल्या एका अक्षरात मावते.

आणि शेवटी लाडाची नावं. ८० सेंटीमीटरच्या रेल्वे तोफेला 'डोरा' म्हणत. १९४२ मध्ये तिनं सेवास्तोपोलवर सात टनांचे गोळे टाकले. ६० सेंटीमीटरच्या स्वयंचलित उखळी तोफा होत्या, त्यांतल्या पहिल्या दोघींची नावं सुरुवातीला आडाम आणि एफा होती. म्हणजे आपले आदम आणि हव्वा. ज्यांच्यापासून माणसांची सगळी लेकरं झाली असं तीन धर्म मानतात, त्यांची नावं शहरं पाडणाऱ्या यंत्रांना. याच जातीची 'त्सिऊ' नावाची तोफ १९४४च्या उठावात वॉर्सावर डागली गेली.

तोफ चालवणाऱ्याला लाडकं नाव लागतं, हे मी समजू शकतो. रोज जिच्याशी काम करायचं तिला आकड्यानं कोण हाक मारणार? पण सरकारी नावाचं तसं नसतं. ते विचार करून, सही-शिक्क्यानिशी दिलेलं असतं. 'आखूड नौदल तोफ' म्हणणाऱ्याला आपण काय लपवतो आहोत हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून सरकारदरबारी एखाद्या वस्तूला सौम्य, जुनं किंवा भलतंच नाव दिलेलं दिसलं, तर तिच्या तोंडाचा व्यास स्वतः मोजून पाहावा. पट्टी खोटं बोलत नाही.