रद्दीतून वाचलेलं मांजर



संशोधनाच्या तयारीत असलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला वारंवार येतो. "मूळ अंक कुठेच मिळत नाहीत, पण नंतर छापलेला संग्रह हाताशी आहे. तो वापरला तर चालेल का?"

चालेल की. फक्त संग्रह हातात घेतल्यावर त्याला काय विचारायचं, हे माहीत हवं. मला ते माहीत नव्हतं. माझा विषय मराठीत आलेल्या चित्रकथांचा. त्यांची मुळं शोधताना मी जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांतल्या कॉमिक स्ट्रिप्सपर्यंत पोचले, त्यांचे जाडजूड संग्रह रात्र रात्र वाचले आणि एका टिपणात बिनधास्त लिहून टाकलं की त्या काळच्या वाचकांना ही स्ट्रिप अशी अशी वाटत असे. गाईडनी समासात एकच ओळ लिहिली : "त्या काळच्या वाचकाकडे हे पुस्तक होतं का?"

नव्हतं. त्याच्याकडे होता फक्त त्या दिवशीचा पेपर.

ही गोष्ट साधारण १८९५ पासून सुरू होते. त्या वर्षी पुलित्झरच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये रिचर्ड आउटकॉल्टचा पिवळ्या झग्यातला पोरगा, 'यलो किड', लोकांना आवडू लागला. पुढच्याच वर्षी हर्स्टनं आउटकॉल्टला आपल्या पेपरात ओढून नेलं. म्हणजे चित्रांमुळे पेपर खपतो, हे मालकांना तेव्हाच कळलं होतं. पुढे सिंडिकेट आली. ती एकच स्ट्रिप गावोगावच्या पेपरांना विकत असत. पण सकाळी घरभर हसून वाचलेलं ते पान दुसऱ्या दिवशी रद्दीच असे. ते जपून ठेवावं असं फारच थोड्यांना वाटलं.

यातली एक स्ट्रिप म्हणजे जॉर्ज हेरिमन यांची 'क्रेझी कॅट'. १९१३ मध्ये ती स्वतंत्र स्ट्रिप म्हणून सुरू झाली आणि १९४४ मध्ये हेरिमन यांच्याबरोबरच संपली. कथा तीन वाक्यांत सांगता येते. एका मांजराचं एका उंदरावर प्रेम आहे. उंदीर त्याच्या डोक्यात वीट हाणतो आणि मांजराला ते प्रेमच वाटतं. मांजरावर जीव असलेला कुत्रा-पोलीस उंदराला तुरुंगात टाकतो. तीस वर्षं हेच! गंमत म्हणजे हेरिमन त्या मांजराला कधी 'तो' म्हणतात, कधी 'ती'. मराठीत आपण 'ते मांजर' म्हणून सुटतो. चित्रकारांना आणि समीक्षकांना ही स्ट्रिप फार प्रिय होती. गिल्बर्ट सेल्डिस यांनी १९२४ मध्येच आपल्या पुस्तकात तिला कलेचा दर्जा दिला. सर्वसाधारण वाचक मात्र तिच्यापासून जरा लांबच राहिला.

आता ग्रंथालयांकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अनेक अमेरिकन ग्रंथालयांनी वृत्तपत्रांच्या बांधीव फायलींची मायक्रोफिल्म करून घेतली आणि मूळ फायली काढून टाकल्या. कारणं आपल्या ओळखीचीच : जागा नाही, कागद पिवळा पडतोय, मजकूर तर फिल्मवर आहेच. पण फिल्म कृष्णधवल होती. विन्सर मॅके यांच्या 'लिटल निमो'सारख्या रंगीत रविवारच्या पानांचं त्यात काय झालं असेल, कल्पना करा.

बिल ब्लॅकबिअर्ड या कॅलिफोर्नियातल्या लेखकाला हे बघवलं नाही. त्यांनी फायली मागितल्या, तेव्हा खासगी व्यक्तीला देता येत नाहीत असं उत्तर मिळालं. मग त्यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक ना-नफा संस्थाच काढली. नाव भारदस्त, 'सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट'. प्रत्यक्षात ती त्यांच्या राहत्या घरात होती. फायली येत गेल्या, कात्रणं कापून लावली गेली, घर भरत गेलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला, तेव्हा त्याचं वजन सुमारे ७५ टन भरलं. तो न्यायला सहा मोठे ट्रक लागले. १९७७ मध्ये स्मिथसोनियननं काढलेला वृत्तपत्री कॉमिक्सचा गाजलेला संग्रह ब्लॅकबिअर्ड यांनीच मार्टिन विल्यम्स यांच्यासोबत संपादित केला. २००२ पासून फँटाग्राफिक्सनं काढलेल्या 'क्रेझी कॅट'च्या खंडांचे संपादकही तेच.

इथे आपल्या कामाची गोष्ट येते. १९७१ मध्ये आर्थर एसा बर्गर या अभ्यासकाला हेरिमन यांचा जन्मदाखला सापडला. १८८०, न्यू ऑर्लिन्स, आणि वंशाच्या रकान्यात 'कलर्ड'. हेरिमन आयुष्यभर गोरे म्हणून वावरले होते. सहकारी त्यांना ग्रीक समजत. त्या एका कागदामुळे तीस वर्षांची स्ट्रिप नव्यानं वाचावी लागली. मांजराचा किंवा उंदराचा रंग बदलतो आणि रंग बदलताच समोरच्याची नजर बदलते, असे भाग तिच्यात आहेत. आधी तो निव्वळ विनोद होता. आता तिथे प्रश्न दिसू लागला.

पण हा प्रश्न कशाला विचारायचा? समोर स्ट्रिप असेल तरच ना! फायली गोळा करायला सुरुवात केली तेव्हा ब्लॅकबिअर्ड यांना या दाखल्याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. प्रश्न नंतर सुचतात, साधनं मात्र आधीच कुणीतरी जपलेली असावी लागतात. हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

आता, हे संग्रह आजही लोक इतक्या आवडीनं का घेतात? स्मरणरंजन आहेच, पण तेवढंच नाही. मूळ वाचकाला जे कधीच मिळालं नाही, ते संग्रह आपल्याला देतो : सलग वाचन. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि शेवटची रविवारची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० रोजी छापली गेली. आदल्या रात्रीच शुल्झ गेले होते. ही सगळी वर्षं त्यांनी मदतनीसाविना एकट्यानं चित्रं काढली. २००४ पासून निघालेले तिचे संपूर्ण खंड क्रमानं वाचा. सुरुवातीला चार पायांवर चालणारा साधा कुत्रा असलेला स्नूपी हळूहळू दोन पायांवर उभा राहतो, स्वप्नं बघू लागतो. एका माणसाचं अख्खं आयुष्य हाताखालून जातं. रोज एक पट्टी वाचणाऱ्याला हे दिसणं कठीण होतं.

आणि संग्रह काय लपवतो? शेजारची बातमी, खालची जाहिरात, दोन भागांमधली वाट बघणं. पानाचा आकारसुद्धा. 'पीनट्स'च्या रोजच्या स्ट्रिपला चार सारख्या चौकटी असत, कारण पेपरांना जागेप्रमाणे त्या आडव्या, उभ्या किंवा दोन-दोन अशा लावता याव्यात. पुस्तकात त्यातली एकच मांडणी दिसते. 'लिटल निमो'ची निवडक पानं वृत्तपत्राच्या मूळ आकारात बघायला २००५ मधला पीटर मरेस्का यांचा भलामोठा ग्रंथ यावा लागला.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ली फॉक यांचा 'फँटम' अमेरिकन पेपरांत १९३६ मध्ये आला. मराठी मुलांना तो इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ म्हणून भेटला. १९६४ मध्ये मुंबईतून सुरू झालेल्या या मालिकेत स्ट्रिप पुस्तिकेच्या पानांत बसवली गेली आणि काही नावंही बदलली. मूळचं 'बंगाला' इथे 'डेंकाली' झालं, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. ही नावं भारतीय वाचकाला का खटकली असती, हे वेगळं सांगायला नको. आता तुम्ही फक्त अमेरिकन संग्रह वाचलात, तर नाशिकच्या मुलाच्या हातात काय होतं ते कळणार नाही. फक्त इंद्रजाल वाचलंत, तर फॉकनी काय लिहिलं ते कळणार नाही. दोन्ही साधनं अस्सलच, पण वेगवेगळ्या प्रश्नांसाठी.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसण्याआधी, जो संग्रह वापरणार आहात त्याबद्दल वहीत तीन उत्तरं लिहा. मूळ साधन कुणी आणि का जपलं? छापताना काय गाळलं, कापलं किंवा बदललं? आणि त्या काळच्या वाचकाच्या हातात नेमकं काय होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर 'वाचकांना वाटत असे' हे वाक्य खोडा. मी खोडलं. प्रकरण दोन पानांनी कमी झालं, पण आता त्यातल्या प्रत्येक ओळीच्या मागे मी उभी राहू शकते.

आणि घरात आजोबांनी बांधून ठेवलेले जुने अंक असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा चाळून बघा. त्यांना विचारायचा प्रश्न कदाचित अजून कुणाला सुचलेला नसेल.