कानातली रिकीब

कुरआनात ऐकणे आणि पाहणे यांचा उल्लेख एकत्र येतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी ऐकणे आधी येते. मधल्या कानातील तीन हाडे आवाज आत पोहोचवतात. शेवटचे जेमतेम 3 मिलिमीटरचे, घोड्याच्या रिकिबीसारखे. मराठीतली 'रिकीब' अरबी 'रिकाब'वरून आली. अरबीत या हाडाचे नावही तेच.

काहींचे हे हाड जागीच घट्ट होते आणि माणूस बहिरा होत जातो. 1870 च्या दशकात योहानेस केसेल यांनी ते मोकळे करून, काढूनही पाहिले. पण जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत जाण्याचा धोका होता. 1900 च्या सुमारास युरोपातील नामवंत कर्णतज्ज्ञांनी ही शस्त्रक्रिया त्याज्य ठरवली.

1952 मध्ये न्यूयॉर्कला सॅम्युएल रोझेन हाड तपासत असताना ते हलले आणि रुग्णाला ऐकू आले. मात्र मोकळे केलेले हाड अनेकदा पुन्हा घट्ट होई. अखेर 1 मे 1956 रोजी अमेरिकेत जॉन शी यांनी एका स्त्रीचे हे हाड काढून टेफ्लॉनचे बसवले. ती ऐकू लागली.

केसेल चुकले नव्हते. त्यांच्याजवळ प्रतिजैविके नव्हती. जाणत्यांचा नकार त्या काळापुरता खरा असतो. साधने बदलल्यावर तो पुन्हा तपासला नाही, तर किंमत बहिऱ्यांनाच मोजावी लागते.