एकच नाव, आजार तीन : गाठीच्या आतला इतिहास

कसारा लोकलमध्ये खिडकी पकडून ऐकणाऱ्या शहापूरकरांना आणि कल्याणच्या एसटीत उभ्यानं ऐकणाऱ्या मुरबाडकरांना राम राम. आजचा विषय आपल्याकडे दबक्या आवाजात बोलतात. छातीत गाठ.

गावात चर्चा कशी चालते बघा. "तिकडच्या काकूंना नुसत्या गोळ्यांनी बरं वाटलं, मग हिलाच एवढी केमो का?" प्रश्न चुकीचा नाही. हाच प्रश्न डॉक्टरांना सव्वाशे वर्षांपूर्वी पडला होता.

स्कॉटलंडमध्ये जॉर्ज बीटसन नावाचे सर्जन होते. दुभत्या गायीची अंडाशयं काढली की ती जास्त दिवस दूध देते, असं काही ठिकाणचे गुराखी मानायचे. म्हणजे अंडाशय आणि दुधाची ग्रंथी यांचं काहीतरी नातं आहे, हे बीटसननी ओळखलं. त्यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईंची अंडाशयं काढली आणि गाठी आटल्या! 1896 मध्ये त्यांनी हे छापलं. पण इतरांनी करून पाहिलं तेव्हा साधारण तिघींपैकी एकीलाच गुण आला. बाकीच्यांना का नाही? साठ वर्षं कोणालाच नीट सांगता येईना.

उत्तर अमेरिकेत एल्वुड जेन्सन यांनी शोधलं. काही गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन हार्मोन पकडून ठेवणारं प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. ते असेल तर गाठ हार्मोनवर वाढते, आणि ती रसद तोडली की वाढ मंदावते. टॅमॉक्सिफेनची गोळी हेच करते. मजा म्हणजे ही गोळी मुळात गर्भनिरोधक म्हणून शोधली होती, आणि तिथे ती नापास झाली होती!

दुसरा प्रकार 1987 मध्ये डेनिस स्लेमन यांच्या गटाने पुढे आणला. पाचातल्या एका गाठीत, किंवा त्याहून थोड्या कमी, हर-2 नावाचं जनुक वाजवीपेक्षा जास्त प्रतींत असतं. पेशीला "वाढ, वाढ" असा हुकूम सारखा मिळत राहतो. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब इंजेक्शन अमेरिकेत 1998 मध्ये आलं. किंमत मात्र आपल्या आवाक्याबाहेरची. 2014 मध्ये भारतीय बनावटीचं आल्यावर ती जरा उतरली.

आणि तिसरा, ट्रिपल निगेटिव्ह. इस्ट्रोजेन रिसेप्टर नाही, प्रोजेस्टेरॉनचा नाही, हर-2 पण जास्त नाही. म्हणून ना ती गोळी चालत, ना ते इंजेक्शन. मुख्य भिस्त केमोवर. हा बऱ्याचदा कमी वयात येतो आणि भरभर वाढतो. पाश्चात्त्य देशांत शंभरात 10 ते 15 जणींना, आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत मात्र 30 च्या आसपास. आपल्याकडे रुग्ण बायका तरुण असतात, हे त्याचं एक कारण.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. काढलेला तुकडा वेळेत फॉर्मॅलिनमध्ये टाकला नाही, की रिसेप्टर खराब होतात आणि तपासणीत "नाही" असं दिसतं. म्हणजे जिला साध्या गोळीचा फायदा झाला असता, तिच्या कागदावर चुकून निगेटिव्ह लागतं. तालुक्याच्या ठिकाणी "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू" म्हणून काढली आणि तुकडा तपासायलाच पाठवला नाही, तर मग प्रकार कळायचा मार्गच जवळपास बंद.

परळचं टाटा हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. तेव्हा हे प्रकार कोणालाच ठाऊक नव्हते, सगळ्यांवर मुख्य उपाय एकच, मोठं ऑपरेशन. आज तिथे बाहेरून येणाऱ्या पेशंटकडे आधीचा ब्लॉक आणि स्लाइड मागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. मोबाइलवर रिपोर्टचा फोटो असून भागत नाही, कारण पुन्हा तपासणी त्या तुकड्यावरच होते.

तेव्हा घरात आई, आत्या, मावशी कोणाची गाठ काढायची ठरली, तर ऑपरेशनच्या आधीच दोन गोष्टी विचारा. सुईने बायोप्सी आधी करणार का? आणि ई.आर., पी.आर., हर-2 ही तपासणी होणार का? रिपोर्टवर ही तीन नावं नसतील तर परत जा आणि मागा. ब्लॉक तुमच्या पेशंटचा आहे, सही करून घेता येतो. आणि हो, तो उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं.