एकच विषय, दोन प्रकृति

थोरांचें अनुकरण करावें, हा उपदेश आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. परंतु अनुकरण कशाचें? १८९० सालीं टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास धोंडो केशव कर्वे आले. विषय एकच, प्रकृति मात्र भिन्न. टिळकांनीं ‘केसरी’ व सभा गाजविल्या. अण्णासाहेब पडले भिडस्त. गर्जना त्यांना साधती ना. त्यांनीं आपली मूळची चिकाटीच कामास लाविली; दारोदार वर्गणी मागून १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढिला, १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. ते टिळकांची नक्कल करूं जाते, तर महाराष्ट्रास आणखी एक बेताचा वक्ता मिळता. कर्वे मिळते ना. थोरांपासून घ्यावयाची ती निष्ठा. वाट ज्यानें त्यानें आपल्या पायांस मानवेल तीच धरावी, असें आम्हांस वाटतें.