पाणी उजव्या हाताला: भंडारदऱ्याची प्रदक्षिणा

आजचा भाग शक्यतो चालत चालत ऐका. कारण आज आपण चालणारच आहोत. भंडारदरा धरणाच्या पाण्याभोवती पूर्ण एक फेरी. चाळीसेक किलोमीटर, दोन दिवस, मुक्काम रतनवाडीत.

भंडारदरा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय, मला माहितीय. घोटीवरून गाडी, भिंतीजवळ सेल्फी, काजव्यांच्या दिवसांत ट्रॅफिक जॅम. मीही तसाच पाहिला होता. या वेळी डिसेंबरात शेंडी गावातून मुतखेलच्या दिशेने पायी निघालो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या बाजूने गेलं की पाणी पूर्ण वेळ उजव्या हाताला राहतं. देवळात प्रदक्षिणा घालताना देव असतो ना, तसं.

आधी भिंतीचा इतिहास सांगतो, कारण तो कुठेही मिळतो. १८७६ ते १९०० या पाव शतकात दख्खनेत एकामागून एक मोठे दुष्काळ पडले. माणसं मेली, जनावरं मेली. मग इंग्रज सरकारने १९०१ साली सिंचन आयोग नेमला, आणि दुष्काळी भागात धरणं बांधण्याच्या विचाराला जोर आला. भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. सोळा वर्षं! दगडी भिंत, उंची ८२ मीटर. त्या काळी भारतातलं सगळ्यात उंच धरण. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केलं, म्हणून ते विल्सन डॅम. तलावाचं नाव आर्थर लेक.

साठवण ११ टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. हे पाणी प्रवरेतून खाली संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं. श्रीरामपूर, राहाता, राहुरीकडे ऊस उभा राहिला तो या पाण्यावर. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना काढला, १९५० च्या सुमाराला तो चालू झाला, आणि महाराष्ट्राचं राजकारणच बदललं. हे सगळं खरं आहे आणि मोठंही आहे.

पण आता मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडीकडे या. रस्त्यात माझ्या दोन्ही बाटल्या संपल्या. उजवीकडे एवढं पाणी आणि माझा घसा कोरडा! पाणी दिसतं, पण ते खाली आहे आणि गाव वर. रतनवाडीत ज्यांच्या घरी मी जेवलो त्या आजी हे ऐकून हसल्या. उन्हाळ्यात हंडे घेऊन किती चढावं लागायचं, ते त्यांनी हात वर करून दाखवलं. नळ आले, पण ते दिवस त्या विसरल्या नाहीत.

गणित साधं आहे. पाणी उताराने जातं. कालवा भिंतीच्या खाली सुरू होतो, त्यामुळे भिंतीच्या वर राहणाऱ्याला कालवा मिळत नाही. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नगर शहरात सहाशेच्या आतबाहेर. जिथे आभाळ फाटतं तिथली भातखाचरं पावसाच्या भरवशावर, आणि जिथे पाऊस नाही तिथे बारमाही ऊस. शिवाय दरीतली सपाट जमीन, जी शेतीला सगळ्यात चांगली, तीच पाण्याखाली गेली.

ही दरी कोणाची होती? महादेव कोळी आणि ठाकर लोकांची. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे याच डोंगरांत वाढले. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ल्यांवरच्या कोळी शिबंदीची कामं आणि हक्क काढले, सावकाराच्या हातात जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा राघोजींनी बंड केलं. पंढरपुरात ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्यानंतर बासष्ट वर्षांनी याच मुलखात धरणाचं काम सुरू झालं, आणि नाव लागलं गव्हर्नरचं.

आता या जलाशयाला राघोजी भांगरे यांचं नाव दिलंय. मला याचा आनंद आहे. पण फलक बदलला म्हणून उतार बदलत नाही, हेही चालताना कळतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अमृतेश्वराच्या देवळात गेलो. शिलाहारांच्या काळातलं म्हणतात. मागे रतनगड, तिथेच प्रवरा उगम पावते. म्हणजे ज्या नदीला खाली अमृतवाहिनी म्हणतात, ती या लोकांच्या अंगणातून निघते. पुढे साम्रद, घाटघर, मग उडदावणे, पांजरे, मुरशेत. घाटघरला २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. वीज कमी लागते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून वीज करतात. ते कळलं तेव्हा मी थबकलोच. पाणी वर चढवता येतं की! ते कोणासाठी चढवायचं, एवढाच प्रश्न.

संध्याकाळी शेंडीत पोचलो. समोर तीच भिंत. २०२६ मध्ये तिला शंभर वर्षं. दुष्काळ पाहिलेल्या माणसांनी ती बांधली, तिने लाखोंना जगवलं, मला ती वाईट वाटत नाही. फक्त तिचा इतिहास खालच्या बाजूने लिहिला गेलाय.

तुम्ही गेलात तर भिंतीवरून परत फिरू नका. जमेल तेवढं वरच्या गावांतून चाला, तिथेच जेवा, पैसे तिथे द्या, कचरा परत आणा. आणि दोन बाटल्या जास्त न्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!